एअर फिल्टर बदलायचा की नाही? आकडे दाखवणाऱ्या रिस्ट्रिक्शन इंडिकेटरचं परीक्षण

डिझेल ट्रकचा एअर फिल्टर नुसता बघून बदलू नये. काळाकुट्ट दिसणाऱ्या फिल्टरमध्ये बऱ्याचदा भरपूर आयुष्य शिल्लक असतं, आणि भिजून सुकलेला, वरवर बरा वाटणारा फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडत असतो. पिकअप पडणं, काळा धूर येणं, डिझेल जास्त खाणं ही लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खरी वेळ सांगतो तो रिस्ट्रिक्शन इंडिकेटर. आकाराने अंगठ्याएवढा, पण ट्रकवर असायलाच हवा असा हा पार्ट आहे.

त्याचं काम सोपं आहे. फिल्टर चोंदत गेला की फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) यांच्या मधल्या पाइपात ओढ वाढते. त्या ओढीने इंडिकेटरमधला पडदा सरकतो आणि पारदर्शक नळीतला रंगीत दट्ट्या पट्टीवर पुढे जातो. मोजमाप ‘इंच पाणी’ या एककात असतं, म्हणजे ती ओढ नळीतलं पाणी किती इंच उचलेल. टर्बो असलेल्या बहुतेक हेवी डिझेल इंजिनांसाठी कमाल मर्यादा 25 इंच, म्हणजे साधारण 6.2 किलोपास्कल, बिनटर्बोच्या इंजिनांसाठी 20 च्या आसपास. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा आणि इंडिकेटरही त्याच मर्यादेचा घ्यावा.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दट्ट्या सर्वांत जास्त ओढीच्या जागी अडकून राहतो. आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन फारच थोडी हवा ओढतं, त्यामुळे फिल्टर पुरता चोंदलेला असला तरी तिथे काही दिसत नाही. उभ्या गाडीला रेस देऊनही भागत नाही, कारण लोडशिवाय टर्बो पूर्ण दाब बनवत नाही. भरलेली गाडी चढावर पूर्ण ताकदीने ओढली की खरा आकडा उमटतो, आणि इंजिन बंद करून बॉनेट उघडल्यावरही तो तसाच वाचता येतो.

बाजारात हिरवा-लाल दाखवणारे साधे इंडिकेटरही मिळतात. नसण्यापेक्षा ते बरे, पण आमची शिफारस आकड्यांच्या पट्टीचीच. लाल दिसला की एवढंच कळतं की वेळ संपली. आकडे असले की चाल कळते. नवा फिल्टर बसवून एक लोडेड फेरी झाली की पहिला आकडा टिपून ठेवावा. समजा 10 आला. पुढे तो बराच काळ 12, 13 असा रेंगाळेल आणि शेवटी शेवटी झपाट्याने चढेल. 20 दिसला की नवा फिल्टर मागवून ठेवावा. एका पावसात 12 चा 24 झाला, तर आधी फिल्टर ओला झालाय का, हवा घ्यायच्या तोंडाशी काही अडकलंय का ते बघावं, इंडिकेटरचं बटण दाबून दट्ट्या शून्यावर आणावा (रीसेट) आणि पुन्हा लोडवर वाचावं. आणि फिल्टर न बदलता, नुसतं रीसेट करून पुन्हा लोडवर वाचल्यावर 18 चा 9 झाला तर गाडी लगेच तपासावी: कागद फाटलाय, सील सरकलंय किंवा टर्बोकडच्या होजचा क्लॅम्प ढिला आहे. तिथून धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे पिस्टन रिंगांवर जाते.

वेळेआधी फिल्टर बदलणंही नुकसानीचंच. कागदावर बसलेला धुळीचा थर पुढची बारीक धूळ अडवतो, म्हणून कोरा फिल्टर सुरुवातीला सर्वांत कमी गाळतो. शिवाय डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा धूळ आत पडायचा धोका. हवा मारून किंवा टायरवर आपटून फिल्टर साफ करण्याच्या तर वाटेलाच जाऊ नये. घड्या फाटतात, टोपण वाकतं, सील बसत नाही. आतला सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही. बाहेरचा तीनदा बदलला की तिसऱ्या वेळी आतलाही नवा टाकायचा.

उणिवा आहेत. इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिक धुरकट होतं आणि आकडा नीट वाचता येत नाही. आटे जास्त आवळले की बूड तडकतं. सगळ्यात घातक म्हणजे पाइपातली ओढ इंडिकेटरपर्यंत पोचवणारं भोक धुळीने बुजलं की इंडिकेटर कायम शून्य दाखवतो आणि फिल्टर ठणठणीत आहे असं वाटत राहतं. इंडिकेटर पाइपाला जोडणाऱ्या फिटिंगमध्ये बारीक जाळी असते. ती चोंदली तर फिटिंग बदलावं, भोक पाडून जाळी काढू नये. इंडिकेटर फुटला तर धूळ अडवायला तीच असते.

शंका आली तर तपासणी स्वस्तात होते. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’सारखी उभी वाकवून तिच्यात पाणी भरा. तिचं एक तोंड टी जोडाने इंडिकेटरला आणि मोठ्या सिरिंजला जोडा, दुसरं उघडं ठेवा. सिरिंज हळू ओढा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 25 इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटीमीटर फरक पडला की दट्ट्या 25 वर हवा. मग बटण पूर्ण दाबून सोडा. दट्ट्या शून्यावर परतला नाही, मधेच अडकला, तर तो इंडिकेटर काढून नवा बसवा.