ए५/१ ची रेनबो टेबलं: आठ महिने वापरल्यावर

ही टेबलं, म्हणजे जुन्या टूजी फोनचं कूटलेखन फोडायला आधीच मोजून ठेवलेल्या प्रचंड फाईली, उतरवायला घेतली तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांत सगळं पाहून होईल आणि डिस्क मोकळी करता येईल. आठ महिने झाले, डिस्क अजून भरलेलीच आहे. मध्ये दोनदा ती पुसायला निघाले होते, एकदा रागाने आणि एकदा खरंच जागा हवी होती म्हणून.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. टूजी फोन आणि टॉवर यांच्यामधलं संभाषण अनेकदा ए५/१ नावाच्या सायफरने, म्हणजे कूटलेखनाच्या पद्धतीने, झाकलेलं असतं. सायफर १९८७ चा. त्याची रचना गुप्त ठेवली होती, पण १९९९ मध्ये एका हँडसेटमधून ती उलगडून जाहीर झाली. सायफर दुबळा आहे हे अभ्यासक नव्वदच्या दशकापासून कागदावर दाखवत होतेच. कोणालाही हातात घेऊन चालवता येईल असं खुलं काही मात्र नव्हतं. २००९ मध्ये सुरक्षा संशोधक कार्स्टन नोल यांनी स्वयंसेवकांना बरोबर घेऊन टेबलं बनवायचं काम काढलं, आणि २०१० मध्ये फ्रँक स्टीव्हन्सन यांचं क्राकेन हे ती धुंडाळणारं सॉफ्टवेअर आलं. एकूण ४० टेबलं, सुमारे १.७ टीबी. माझ्याकडे आहे ती हीच जोडी.

माझं काम जुन्या उपकरणांची सुरक्षा तपासण्याचं. त्यामुळे सगळे प्रयोग स्वतःच्या सिमवर किंवा स्वतः प्रोग्रामने तयार केलेल्या डेटावर. दुसऱ्याचं बोलणं पकडणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी कोणाला हे हवं असेल तर त्याला इथे काही मिळणार नाही.

बसवण्याचा भाग पटकन उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं फक्त दुःख आहे. एकेक फाईल साधारण ४२ जीबीची. टोरंटवर एक फाईल ९७ टक्क्यांवर येऊन नऊ दिवस बसून राहिली. उतरवलेल्या फाईली तशाच वापरता येत नाहीत. त्या डिस्कच्या विभाजनावर फाईल सिस्टिमशिवाय थेट लिहायच्या आणि त्यांची अनुक्रमणिका वेगळी बनवायची. विभाजनाचं नाव टाईप करताना हात थरथरला पाहिजे. माझा थरथरला नाही, म्हणून जुन्या फोटोंची एक डिस्क गेली. चूक पूर्ण माझी. ग्राफिक्स कार्ड वापरणारा भाग जुन्या एटीआय कार्डांसाठी लिहिलेला आहे, नव्या ड्रायव्हरवर त्याचा उपयोग नाही. मी प्रोसेसरवरच चालवते.

आता मजेचा भाग. ए५/१ च्या पोटात तीन शिफ्ट रजिस्टर (प्रत्येक पावलाला एक घर सरकणाऱ्या बिटांच्या रांगा) आहेत, १९, २२ आणि २३ बिटांची. बेरीज ६४. किल्लीही ६४ बिटांची. संभाषण छोट्या क्रमांकित तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, जातं. प्रत्येक फ्रेमसाठी किल्ली आणि फ्रेमचा क्रमांक त्यात कालवायचा, १०० पावलं नुसतं फिरवायचं, आणि मग दोन्ही दिशांसाठी ११४-११४ बिट बाहेर काढायचे. पासवर्डच्या रेनबो टेबलांची सवय असलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. फ्रेमचा क्रमांक दर वेळी बदलतो, म्हणजे तो सॉल्टसारखाच (आधी केलेलं टेबल निरुपयोगी व्हावं म्हणून पासवर्डमध्ये मिसळतात त्या वेगळ्या संख्येसारखाच) झाला की! मग आधीच करून ठेवलेलं टेबल चालतंच कसं?

ते चालतं, कारण टेबलात किल्ल्या नाहीतच. त्यात रजिस्टरांच्या आतल्या अवस्था आहेत. सॉल्ट कितीही कालवा, शेवटी तो त्या ६४ बिटांच्या भांड्यातच मावायला हवा, आणि टेबल भांड्याचं आहे. अवस्था किल्लीच्या निदान दुप्पट रुंदीची असती तर हे १.७ टीबी कुचकामी ठरले असते. शिवाय भांडं पूर्ण वापरलंही जात नाही. तिन्ही रजिस्टर बहुमताने पुढे सरकतात, त्यामुळे एकूण अवस्थांपैकी ३/८ अशा आहेत की त्यांच्यापर्यंत आधीच्या कुठल्याच अवस्थेतून पोहोचता येत नाही. १०० पावलं फिरवल्यावर बऱ्याच जागा ओसाड पडतात, आणि टेबल करणाऱ्यांनी त्या ओसाड जागांवर वेळ घालवलेला नाही. फिरवण्याचा हेतू सायफर बळकट करण्याचा होता, हे लक्षात घ्या.

जिज्ञासूंसाठी एक हिशेब. प्रत्येक अवस्था ८ बाइटांत साधी मांडून ठेवली असती तर १४ कोटींहून जास्त टीबी लागले असते. म्हणून एका अवस्थेवरून पुढची मोजत साखळी करतात, टेबलात तिची फक्त दोन टोकं ठेवतात, मधलं सगळं गरजेच्या वेळी पुन्हा मोजतात. ही कल्पना हेलमन यांची, १९८० ची. साखळ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून टप्प्याटप्प्याला रंग, म्हणजे पुढची अवस्था मोजायचा नियम, बदलायचा, ही सुधारणा ओक्सलिन यांची, २००३ ची. या टेबलांत रंग आठ आहेत.

वेगाबद्दल लोक काहीही सांगतात, म्हणून मोजून सांगते. एका बर्स्टमध्ये, म्हणजे हवेतून एका दमात जाणाऱ्या तुकड्यात, ११४ बिट, ६४ बिटांची खिडकी त्यावर ५१ जागी बसते. ५१ खिडक्या, ४० टेबलं, ८ रंग: १६,३२० वेळा डिस्कवर जाऊन यायचं. फिरत्या डिस्कवर एका फेरीला १० मिलिसेकंद धरले तरी पावणेतीन मिनिटं नुसत्या येरझाऱ्यांत जातात. मी सगळं एसएसडीवर हलवल्यावर डिस्कचा वेळ जवळजवळ शून्यावर आला आणि अडथळा प्रोसेसरकडे सरकला, कारण साखळ्या मोजायच्या म्हणजे एका बर्स्टमागे सुमारे ३० कोटी पावलं. पैसे घालायचे असतील तर आधी एसएसडीत घाला.

पण खरी तक्रार वेगाची नाही. उत्तर आलं नाही की ते का आलं नाही हे कळत नाही, ही आहे. टेबलं सगळ्या अवस्था व्यापत नाहीत, त्यामुळे एखादा बर्स्ट रिकामा जाणं अगदी सामान्य. दुसरा द्या, तिसरा द्या, कुठेतरी लागतं. पण बर्स्टमधला एक बिट चुकीचा असला तरीही पडदा तसाच कोरा! ५१ ते ६४ या जागांवरचा कुठलाही एक बिट उलटला की ५१ च्या ५१ खिडक्या बाद, कारण ते चौदा बिट प्रत्येक खिडकीत येतात. तोच उलटा बिट पाचव्या जागी असेल तर फक्त पाच खिडक्या जातात, बाकीच्या शाबूत. हे कळेपर्यंत मी टेबलांनाच शिव्या घालत होते. आता आधी स्वतःच्या प्रोग्रामने बनवलेला, किल्ली माहीत असलेला डेटा देते. तो सुटला की मगच प्रयोगशाळेतल्या रेकॉर्डिंगकडे वळते.

त्याहून मोठा मूर्खपणा तिसऱ्या महिन्यातला. अवस्था सापडत होती, पण किल्ली निघत नव्हती. अवस्थेवरून किल्लीकडे यायचं तर १०० पावलं मागे चालायचं आणि फ्रेमचा क्रमांक धुऊन काढायचा. मागे जाताना वाट फुटत जाते, म्हणून एकापेक्षा जास्त उमेदवार किल्ल्या मिळतात आणि त्या दुसऱ्या बर्स्टवर पडताळायच्या असतात. माझा एकही उमेदवार टिकेना. चार संध्याकाळी गेल्या. शेवटी कळलं की मी फ्रेमचा सरळ क्रमांक देत होते, आणि सायफरला तो तोडून हवा असतो: १३२६ ने भागून आलेला भागाकार, मग ५१ ने भागून उरलेली बाकी, मग २६ ने भागून उरलेली बाकी, हे तिन्ही शेजारी शेजारी मांडून. फ्रेम १०,००,००० असेल तर आत जाते ती संख्या १५,४५,५८२. हे समजल्यावर पहिल्याच प्रयत्नात किल्ली जुळली, आणि आनंद व्हायच्या ऐवजी डोकं दुखायला लागलं.

खात्री करायचा सर्वांत छान मार्ग सिमकार्डातच आहे. शेवटची वापरलेली किल्ली सिमवरच्या एका छोट्या फाईलमध्ये असते आणि कार्ड रीडरने ती स्वतःच्या सिममधून वाचता येते. माझ्या एका जुन्या सिमची किल्ली (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेली) दर वेळी अशीच संपायची: शेवटचे दोन अंक शून्य, आणि त्यांच्या आधीचा अंक ०, ४, ८ किंवा सी यांपैकीच. म्हणजे शेवटचे १० बिट कायम शून्य, ६४ ची किल्ली प्रत्यक्षात ५४ ची. सिममध्ये किल्ली तयार करणाऱ्या कॉम्प१२८ या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीची ही प्रसिद्ध खोड वाचून माहीत होती, स्वतःच्या कार्डावर पाहिल्यावर पोटात गोळा आला. गंमत म्हणजे टेबलांना या शून्यांचा काहीच फायदा नाही. ती अवस्था शोधतात, किल्ली नाही. फायदा होतो तो उमेदवार गाळताना.

आणि हे सगळं सुरू करण्यासाठी मुळात ११४ बिटांची कीस्ट्रीम, म्हणजे मजकूर झाकायला सायफरने काढलेले बिट, हवी, आणि ती मिळवायला झाकलेल्या मजकुरातलं आधीच ठाऊक असलेलं काहीतरी. जीएसएममध्ये (टूजीचं मानक) ते भरपूर होतं: ठरलेल्या वेळी येणारे ठरलेले सिस्टिम संदेश, आणि रिकामी जागा भरायला पुन्हा पुन्हा तोच २बी हा बाइट. पुढे मानकात ही भर यादृच्छिक करण्याची सोय आली. ज्या नेटवर्कमध्ये ती वापरात आहे तिथे टेबलांचं काम बरंच अवघड होतं. म्हणून माझ्या तपासणी अहवालात आता टेबलांना एक ओळ मिळते आणि भरण्याच्या बाइटांना अख्खं पान.

मित्रमंडळींचा ठरलेला प्रश्न: «मग माझा लॉक झालेला फोन उघडून देशील?» नाही. फोनच्या साठवणीवरचं कूटलेखन ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे पिनबरोबर त्या एकाच चिपमध्ये कोरलेली गुपितं मिसळलेली असतात, आधी करून ठेवलेलं टेबल तिथे डोकं आपटून परत येतं. फोरजीवरही यांचा उपयोग नाही, तिथल्या किल्ल्या १२८ बिटांच्या आहेत. टूजीतलाच ए५/३ मात्र फसवा आहे. तो स्वतः या टेबलांना दाद देत नाही, पण त्याला किल्ली तीच ६४ बिटांची मिळते, आणि तोच फोन तीच किल्ली ए५/१ साठी वापरायला तयार झाला तर पुढची भिंत मागच्या दाराने पडते.

फोनमध्ये टूजी बंद करायची सोय असेल तर करून टाका. अँड्रॉइडमध्ये ती १२ व्या आवृत्तीपासून आली, पण सगळ्या फोनांवर दिसत नाही. आयफोनवर आयओएस १७ पासून लॉकडाऊन मोड लावला की टूजी बंद होतं.

घ्यावं का? सायफर शिकवणाऱ्याने जरूर घ्यावं. कागदावरचा हल्ला हाताला लागतो तेव्हा काय होतं, हे यापेक्षा चांगलं दाखवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. «चालतं का बघू» म्हणून घेणाऱ्याने १.७ टीबी दुसऱ्या कशाला तरी वापरावेत. माझी डिस्क अजून काही महिने तशीच राहील. सध्या कामाच्या मेजावर वाहनात बसवायचा एक ट्रॅकर उघडा पडलाय, त्याच्या मोडेमला टूजीशिवाय काही येत नाही, आणि ठिकाण पाठवताना तो वरून स्वतःचं कूटलेखन करतो की सगळा भार ए५/१ वरच टाकतो, ते बघायचंय.