तीस सिटिंगचं कार्ड, तीसही सह्या माझ्याच

नोव्हेंबरात सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना उजव्या मांडीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. वय 44 आणि वॉर्मअप शून्य, त्यामुळे इथवर दोष माझाच. तिसऱ्या दिवशी निळाकाळा डाग गुडघ्याच्या मागेपर्यंत उतरला. सोनोग्राफीत निघालं की हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या, तीन स्नायूंपैकी बाहेरच्या अंगाचा, बायसेप्स फेमोरिस, अर्धवट फाटलाय. ग्रेड 2. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी मात्र नीट करा.

हे ‘नीट’ कुठे मिळेल ते मी मोबाइलवर शोधलं, तिथेच माती खाल्ली.

सिंहगड रोडवरचं चकाचक क्लिनिक. ‘सरां’नी पाच मिनिटं रिपोर्ट पाहिला, पायाला हातही लावला नाही. “बरं झालं काका, वेळेत आलात. नाहीतर पूर्ण तुटला असता.” (काका! स्वतः पस्तिशीचा तरी होता.) तीस सिटिंगचं पॅकेज 24,000 रुपये, आजच भरले तर 18,000. सहा हजार वाचल्याच्या आनंदात मी तिथल्या तिथे यूपीआय केलं.

मग रोज तोच कार्यक्रम. पालथं झोपायचं, एक मुलगी मांडीला पॅड चिकटवून पंधरा मिनिटं आयएफटीचा (दुखणं कमी करायला देतात तो) सौम्य करंट लावणार, मग जेल फासून अल्ट्रासाउंड फिरवणार, मग शेक. व्यायामाचं विचारलं की “एवढ्यात नको काका, फाटलेलं वाढेल.” सर कायम ‘दुसऱ्या ब्रँचला’. निघताना कार्डावर दोन सह्या घ्यायचे. दोन कशाला, विचारलं तर म्हणे एक मशीनची, एक थेरपीची, फॉर्मॅलिटी असते. मी आपला करत गेलो.

आणि बरं वाटत होतं हो! तीन आठवड्यांत दुखणं ओसरलं, जिना चढता यायला लागला. मी येईल त्याला त्या मशीनची तारीफ ऐकवत होतो. सगळी मेख इथेच आहे. असा स्नायू फाटला की पहिल्या काही आठवड्यांत दुखणं आपसूक कमी होत जातं. घरी पंख्याकडे बघत पडलो असतो, अधूनमधून चाललो असतो, तरी झालं असतं. शरीर स्वतःहून जे करत होतं, त्याचेच पैसे ते माझ्याकडून घेत होते. दुखायचं थांबलं म्हणजे ताकद आली असं नाही, आणि ताकदीसाठी तिथे कुणी काहीच करत नव्हतं.

पंधराव्या भेटीला काउंटरवरून आवाज आला, “काका, पॅकेज संपलं. रिन्यू करायचं ना?” पंधरा भेटी, तीस सह्या. त्याच आठवड्यात स्वारगेटला बस पकडायला दहा पावलं पळालो आणि त्याच जागी पुन्हा कळ आली.

या वेळी मेव्हण्याच्या ओळखीने एका हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी चाळीस मिनिटं नुसतं तपासलं. पालथं झोपवून टाच मागे ओढायला लावली आणि स्वतः हाताने विरोध केला. डावा पाय त्यांना हलेना, उजवा अलगद खाली आला. “या पायाला महिनाभर कुणी कामच दिलं नाही का?” आधी दोन्ही पायांवर ब्रिज (उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलायची), मग एका पायावर. मग टाचेखाली टॉवेल घेऊन फरशीवर सावकाश पाय लांब करत न्यायचा. त्या म्हणाल्या, धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत जोर लावत असतो आणि बहुतेकदा तेव्हाच फाटतो, म्हणून ताकदही ताणलेल्या अवस्थेतच आणायची. शेवटी नॉर्डिक. गुडघ्यांवर उभा राहून मी कापलेल्या झाडासारखा हळूहळू पुढे पडणार आणि बायको घोटे दाबून धरणार. तिला हा व्यायाम फार आवडला. अडीच महिन्यांत आठ सिटिंग, प्रत्येकी 600 रुपये, बाकी सगळं घरी.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा पहिल्यांदा पावती नीट वाचली. त्यावर फिजिओथेरपी हा शब्दच नाही. ‘वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल.’ सरांचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते आणि तो नंबर पहिल्याच दिवशी बिनदिक्कत विचारायचा असतो, हे मला 18,000 गेल्यावर कळलं. आगाऊ गठ्ठ्याने पैसे भरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत घरी करायचा एकही व्यायाम हातात पडला नाही, तर उठून बाहेर या. आणि सहीशेजारी स्वतःच्या हाताने तारीख घाला.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. क्लिनिकने उत्तरादाखल कार्डाचा फोटो पाठवला. तीस सह्या, सगळ्या माझ्याच, तारखेचा रकाना कोरा. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. माझ्या मोबाइलच्या लोकेशन टाइमलाइनवर त्या पत्त्यावर पंधराच भेटी दिसतात. ती छापून अर्जाला जोडली आहे.