नटसम्राट: पुस्तक, पिक्चर की नाटक?

माझा क्रमच उलटा झाला. आधी २०१६ च्या जानेवारीत पिक्चर बघितला, मग लायब्ररीतून पुस्तक आणलं, आणि नाटक सगळ्यात शेवटी, मोहन जोशी आणि रोहिणी हट्टंगडी यांचं. त्यामुळे पुस्तक उघडलं तर अख्खा पहिला अंक डोक्यात पिक्चरमधला नाना पाटेकरच बोलतोय, गप्पच बसेना.

पिक्चर वाईट नाहीये हां, आधीच सांगतो. नाना आणि विक्रम गोखले समोरासमोर आले की दुसरं काही दिसत नाही, तो हॉस्पिटलमधला कर्ण-कृष्णाचा सीन मोबाईलवर किती वेळा बघितलाय मलाच माहीत नाही. पण त्या दोघा नटांची दोस्ती एवढी जागा खाते ना, की कावेरी, म्हणजे अप्पांची बायको, बिचारी कोपऱ्यात जाते. (अप्पा म्हणजे नटसम्राट स्वतः, निवृत्त होऊन सगळं मुलांना देऊन बसलेला म्हातारा नट, पिक्चरमध्ये नाना.) पुस्तकात तसं होत नाही कारण तिथे कोणी ओरडत नाही, अप्पांचं पानभर स्वगत आणि कावेरीचं एका ओळीचं बोलणं, दोन्ही सारख्याच टायपात छापलेलं. ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये असं ती नवऱ्याला सांगते, ते थेटरात मी पॉपकॉर्न खात ऐकलं होतं आणि पुस्तकात मात्र तिथेच अडकलो, पुढचं पान उलटायला वेळ लागला.

पुस्तकाचा त्रास म्हणजे स्वगतं. हॅम्लेट, ऑथेल्लो, सीझर सगळे अप्पांच्या तोंडून येतात आणि मनातल्या मनात वाचलं की जाम जड जातं. शेवटी दार लावून मोठ्याने वाचलं तेव्हा कुठे ती भाषा पळायला लागली, नाटककार वि. वा. शिरवाडकरांनी ती जिभेसाठीच लिहिलीय. बायकोने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलतोयस?

आता नाटक. डॉ. श्रीराम लागूंचं, म्हणजे पहिल्या अप्पांचं, मी बघितलेलं नाही, १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने ते आणलं तेव्हा माझा जन्मही नव्हता. काका अजून सांगतो की लागू आणि शांता जोग यांच्यानंतर बघायचंच नाही, तर त्याचं सोडा. मला जे मिळालं ते सांगतो. सुरुवातच अप्पांच्या सत्काराने होते, ते निवृत्तीचं भाषण करतात, आणि ते भाषण कोणाला? आम्हालाच की! पिक्चरमध्ये सत्काराला जमलेली माणसं पडद्यावर असतात, आपण नुसते बघतो. इथे तिकीट काढून आलेले आम्हीच त्यांचे रसिक मायबाप, टाळ्या वाजवल्या त्याही आम्हीच, त्या खऱ्या की नाटकातल्या काय माहीत. पुस्तकात हे कळायची सोयच नाही.

मग शेवटी तोच माणूस घर द्या म्हणून हात पसरतो आणि समोर कोण, तर मगाशी टाळ्या वाजवलेले आम्ही, अंधारात चिडीचूप. आणि नेमका तेव्हाच मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला, तोही पूर्ण रिंगटोन, उचलेचना! थिएटरचं नाव नाही घेत, पण माईकही मधूनच खरखरत होता.

तरी पैसे वसूल. फक्त बाल्कनीचं तिकीट काढू नका, सत्काराला एवढ्या लांब बसायचं नसतं.