हिंजवडीतील एका कंपनीच्या मुलाखतीचा अनुभव
हिंजवडी फेज दोनमधील या सॉफ्टवेअर कंपनीने मला सकाळी दहाची वेळ दिली होती. वाकडच्या पुलाजवळची कोंडी गृहीत धरून मी कोथरूडहून आठ वाजताच निघाले आणि वेळेआधी पोहोचले, परंतु प्रत्यक्ष मुलाखत सुरू व्हायला पावणेएक वाजला. उशिराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी माझा बायोडेटा माझ्यासमोरच प्रथम उघडला आणि टेस्टिंगमधील सहा वर्षांच्या कामाविषयी जेमतेम दोन प्रश्न विचारून ते ‘लग्नाचा विचार कधी आहे?’ या विषयाकडे वळले. मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाल्यापासून हा प्रश्न आडवळणाने विचारला जातो, असे मैत्रिणींकडून ऐकले होते. इथे तेवढेही आडवळण नव्हते. पगाराचा आकडा शेवटपर्यंत सांगितला नाही, उलट माझ्याच मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपच्या प्रती ठेवून घेतल्या. स्वागतकक्षातील मुलीने आपणहून चहा आणून दिला, तेवढीच काय ती आपुलकी. ‘दोन दिवसांत कळवतो’ या आश्वासनाला आज पाच आठवडे झाले असून माझ्या दोन्ही ईमेलना उत्तर आलेले नाही.