डाऊन की सिंथेटिक? हिवाळी ट्रेकसाठी जॅकेट निवडताना

जॅकेट घ्यायला निघालात की सगळे विचारतात, "किती थंडीत जाणार?" मी आधी विचारेन, ओलं व्हायची शक्यता किती?

उणे दहा अंशांत बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो. अंगावर पडला तर झटकून टाकायचा. शून्याच्या आसपास मात्र पाऊस आणि बर्फ एकत्र पडतात, कपडे चिंब होतात आणि वर वारा झोंबतो. आकडा कमी भीतीदायक, पण गारठून आजारी पडायचा धोका इथे जास्त. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने ओढून नेतं.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. ती फुलते, हवा धरून ठेवते, आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. वजनाच्या मानाने इतकी ऊब दुसरं काहीच देत नाही. दाबली की मुठीएवढी होऊन सॅकच्या कोपऱ्यात बसते. पण भिजली की तिचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसतं ओलं कापड उरतं. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं. ते दमटपणात तग धरतं, मुसळधार पावसात नाही.

लेबलवरच्या फिल पॉवरला लोक हमखास फसतात. 600 किंवा 800 हा आकडा एक औंस लव किती घनइंच फुलते ते सांगतो. जॅकेटमध्ये लव किती भरली आहे, ते सांगत नाही. त्यामुळे 800चं पातळ जॅकेट 600च्या जाडजूड जॅकेटपेक्षा गार असू शकतं. आत भरलेल्या लवेचं वजन विचारा.

सिंथेटिकमध्ये पॉलिएस्टरचे तंतू असतात. तेवढ्याच उबेसाठी ते जड आणि सॅकमध्ये जागा खाणारं. शिवाय पुन्हापुन्हा दाबून भरलं की काही वर्षांत चपटं होतं. पण भिजलं तरी बरीच ऊब टिकते, लवकर वाळतं, घरी साध्या पद्धतीने धुता येतं आणि स्वस्तही असतं. डाऊन धुणं म्हणजे सोहळाच: वेगळा साबण, मंद आचेचा ड्रायर आणि गोळे सुटेपर्यंत धीर.

यात फ्लीसला, म्हणजे पॉलिएस्टरच्या मऊ, लोकरीसारख्या कापडाला, का घेत नाही, असं कुणी विचारेल. घ्यायलाच हवं, पण त्याचं काम निराळं आहे. फ्लीसमधून घामाची वाफ बाहेर पडते, म्हणून ते चढताना घालायचं. वारा मात्र आरपार जातो, तेव्हा वर पातळ वाराकोट हवा. डाऊन असो की सिंथेटिक, जाड जॅकेट थांबल्यावर घालायचं. ते घालून चढ चढलात तर आतून घामाने भिजाल आणि माथ्यावर थांबताच कुडकुडाल. निघताना किंचित गार वाटलं तर कपडे बरोबर आहेत असं समजा. दहा मिनिटांत अंग तापतंच.

आता निर्णय. कोरडी, कडाक्याची थंडी, रात्रीचा मुक्काम आणि पाठीवरचं ओझं कमी ठेवायचं असेल तर डाऊन. दमट हवा, पावसाची शक्यता, एका दिवसाची फेरी, किंवा हा पहिलाच हिवाळी ट्रेक असेल तर सिंथेटिक. एकच जॅकेट घेणाऱ्याला मी सिंथेटिकच सांगेन, कारण नवख्याच्या चुका ते पोटात घालतं. दोन्हींतलं काहीही घेतलंत तरी सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, आणि घरी दाबून न ठेवता सैल टांगा.

अंगालगतच्या थरात सुती बनियन असेल तर वरची सगळी खरेदी वाया. सूत घाम धरून बसतं. तिथे लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल घाला, आणि बजेट कमी पडलं तर जॅकेटातून वाचवा, यातून नाही.