एरोजेल की पन्न्यांची गोधडी?

कॉलेजच्या टीमने उपग्रह किंवा रोव्हर करायला घेतला की उष्णतारोधनाचा प्रश्न येतोच. त्यात ‘नॅनो’ हा शब्द कानावर पडला की सगळ्यांना एरोजेलच हवं असतं, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला तो अतिहलका घन पदार्थ. आधी एवढं ठरवा: तुमच्या यंत्राभोवती वायू असणार आहे का?

पृथ्वीभोवती फिरायचं असेल तर भोवती निर्वात. उष्णता जाते ती प्रारणाने, आणि ते अडवायला ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पन्न्या, मधे जाळी, असे दहा-वीस पदर पुरतात. या गोधडीपुढे एरोजेल फिकं पडतं. नडतात त्या कडा, शिवणी आणि भोकं. 10 सेंटिमीटरच्या क्यूबसॅटला, म्हणजे घनाकृती चिमुकल्या उपग्रहाला, तर कडाच फार, वरून सौरपट्ट्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ (2016) याच मापाचा होता. एवढ्याशा डब्याला गोधडी शिवत बसण्यापेक्षा योग्य टेप आणि रंग निवडावा, असं माझं मत.

मंगळावर हिशेब उलटतो. तिथली हवा विरळ, जेमतेम 6 मिलिबार; पण पन्न्यांच्या फटींत शिरून उष्णता वाहून न्यायला तेवढी पुरते. एरोजेलची छिद्रं मात्र इतकी बारीक, काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर, की वायूचे रेणू एकमेकांना गाठण्याआधी भिंतीवरच आदळतात. मग उष्णता पुढे सरकणार कशी? 1997 च्या सोजर्नर या नासाच्या मंगळ-रोव्हरमध्ये एरोजेलच वापरलं, पुढे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीतही. क्युरिऑसिटीने ते सोडलं. प्लुटोनियमच्या ऊर्जास्रोताची फुकटची ऊब हाताशी असल्यावर नुसती वायूची फट चालून गेली!

एरोजेलची खरी डोकेदुखी ते हाताळताना. ते ठिसूळ असतं, आणि त्याचा भुगा कॅमेऱ्याच्या भिंगावर बसला तर मोहीमच आंधळी. स्वतः बनवायचं म्हटलं तर ओलं जेल उघड्यावर वाळताना आतल्या द्रवाचा पृष्ठताण नाजूक जाळी चिरडून टाकतो. म्हणून द्रवाच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरून, तो 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 73 वातावरण दाबाच्या वर नेऊन ते वाळवतात; तिथे पृष्ठताणच उरत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह (उच्च दाबाचं बंद पात्र) लागतो, आणि त्याच्याशी खेळ नको. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेने पाणी न शोषणाऱ्या, लवचीक एरोजेलवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचे शोधनिबंध आधी वाचा. तयार एरोजेल-कापड घेणार असाल, तर निर्वातात तापवून त्याची वजनघट 1 टक्क्याच्या आत राहते का, हे तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.