पीईए घेताय? काट्यावर विसंबू नका

फिनाइल इथाइल अल्कोहोल, बाजारातलं नाव पीईए. गुलाबाचा मऊ, किंचित मधाळ वास. साबणातल्या अल्कलीत तो टिकतो, म्हणून हातसाबण, उटणं, टोनर, अगरबत्ती सगळीकडे लागतो. कोल्हापुरातले छोटे उत्पादक नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर घाईत असतात, आणि भेसळीचा माल नेमका तेव्हाच गळ्यात मारला जातो.

आधी ५० मिलीचा नमुना येतो, तो अस्सल. मग २५ किलोचा कॅन, मूळ कंपनीचं सील नसलेला, वर रिपॅकिंगचं लेबल. वास तोच, जरासा मवाळ. पीईएचा वास मुळातच सौम्य असल्यानं नाकाला शंका येत नाही.

वजन करून पाहिलं तर? १०० मिली शुद्ध पीईए २५ अंशांना साधारण १०२ ग्रॅम भरतं. भेसळ डीईपीची (डायइथाइल थॅलेट, सेंट पातळ करायचं द्रव) असेल तर काटा ती पकडतो. डीईपीची घनता १.१२च्या जवळ, त्यामुळे ३० टक्के मिसळलं की वजन १०५ ग्रॅमच्या घरात जातं. पण मुरलेला भेसळखोर डीईपी घालतच नाही. तो डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, तसंच पातळ करायचं द्रव) घालतो, ज्याची घनताही १.०२च आहे. काटा गप्प बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

तिथे पाणी कामाला येतं. पीईए पाण्यात जेमतेम २ टक्के विरघळतं, डीपीजी मात्र हवं तेवढं. मेजरिंग सिलिंडरमध्ये ९० मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात १० मिली माल, हलवून रात्रभर ठेवा. शुद्ध असेल तर तळाशी साधारण ८ मिलीचा थर उरतो. ३० टक्के डीपीजी असेल तर ५च्या आसपास. शेजारी आधीच्या नमुन्याचा सिलिंडर ठेवा, फरक डोळ्यांनी दिसतो. डीईपीसाठी याहून सोपं आहे: ९९ मिली पाण्यात १ मिली टाका. शुद्ध पीईए नितळ विरघळतं, डीईपीवालं गढूळ होतं. असल्या मालाचा टोनर बाटलीतच दुधट दिसतो.

खात्री हवी तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र. २० अंशांना शुद्ध पीईएचा आकडा १.५३१ ते १.५३४, डीपीजीचा १.४४. तीस टक्के भेसळीला तो १.५०पर्यंत घसरतो. आपल्याकडे उसातली साखर मोजणारा ब्रिक्स मीटर सहज सापडतो, पण त्याची पट्टी इथे पुरत नाही. कॉलेजच्या लॅबमधला अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर लागेल. बेन्झिल अल्कोहोलची भेसळ मात्र या सगळ्यांतून निसटते. तिचे आकडे पीईएच्या इतके जवळ आहेत की गॅस क्रोमॅटोग्राफीशिवाय (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी लॅबमधली चाचणी) इलाज नाही.

पातळ करणं हा गुन्हा नव्हे. अगरबत्तीच्या सेंटमध्ये डीईपी उघडपणे घालतात. शुद्ध म्हणून शुद्धाच्या भावात विकणं ही लबाडी.

बिल मात्र नीट वाचा. पीईएचा एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाचा कोड, २९०६ने सुरू होतो. बिलावर ३३०२ किंवा नुसतं ‘परफ्युमरी कंपाउंड’ असेल, तर विक्रेत्यानं मिश्रण विकल्याचं आधीच लिहून दिलंय, मग भांडायला जागा उरत नाही. विश्लेषण-पत्रावरचा बॅच नंबर कॅनवरच्या नंबराशी जुळवा. कॅन उघडताना विक्रेत्याच्या माणसासमोर दोन बाटल्या भरून सील करा, दोघांच्या सह्या घ्या, एक त्याला द्या. धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. स्वयंरोजगारावर पोट असेल तर २०१९च्या कायद्यात वाट आहे, पण तिथेही पुरावा म्हणून हीच बाटली लागते.